द्राक्षाच्या जाळीत अडकलेली पाखरं मारणं चूक असेल, तर ते का?

तासगावकडच्या एका बागायतदारांनी प्रश्न विचारलाय. त्यांची चार एकर द्राक्षबाग आहे. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ आणि गोड व्हायला लागले, की बुलबुल, साळुंक्या, भोरड्या, पोपट सगळे तुटून पडतात. यंदा त्यांनी बागेवर जाळी टाकली. रोज सकाळी त्या जाळीत आठ-दहा पाखरं अडकलेली सापडतात. गडी त्यांच्या मुंड्या मुरगाळतात आणि बाकीच्यांना जरब बसावी म्हणून दोन-चार तारेला उलटी टांगतात. यांना ते बघवत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, "रविवारी कोंबडी खाताना बघवतं ना?" त्यात मागच्या आठवड्यात सहावीतल्या मुलाने गलोलीने खंड्या मारून घरी आणला. हे रागावले, तर पोरगं म्हणालं, "काका तर रोज मारतात." त्याने खंड्याची निळी पिसं वहीत जपून ठेवलीत, ती टाकून द्यायची का, हेही विचारलंय. शेवटी लिहितात, "पापपुण्य राहू द्या, कायदाही राहू द्या. चूक असेल तर का चूक, एवढं सांगा. मला घरात बोलता आलं पाहिजे."

दादा, पंचवीस वर्षं झाली, पाखरांनी पिकाचं किती नुकसान केलं ते मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. ज्वारी, सूर्यफूल, डाळिंब, पेरू, द्राक्ष, सगळ्यांच्या रानात मी वही घेऊन बसले आहे. त्यामुळे "पाखरं बिचारी" एवढं म्हणून तुमची बोळवण करणार नाही. कर्ज काढून उभी केलेली बाग डोळ्यांदेखत टोचली जाताना माणसाच्या पोटात कसा गोळा येतो, ते मी जवळून पाहिलंय.

आधी तुमच्या भावाचं बघू, कारण त्याचा प्रश्न चांगला आहे आणि लोक तो नेहमी उडवून लावतात. मी स्वतः मासे-मटण खाते. मारणं मुळातच वाईट, असं मी म्हणाले तर तो मला दारातूनच परत पाठवेल आणि त्याचं बरोबरच असेल. पण त्याला एक विचारा. तुमच्या गड्याने उद्यापासून रोज सकाळी खुराड्यातल्या दहा कोंबड्यांच्या मुंड्या मुरगाळून बांधावर फेकायला सुरुवात केली, तर तो काय म्हणेल? "डोकं फिरलंय का रे तुझं?" असंच ना? कोंबडी मारायला त्याची हरकत नाहीच. तरी तो ओरडेल, कारण ती ज्या कामासाठी मारायची ते काम इथे झालेलंच नाही. कोंबडी मारताना हिशेब द्यावा लागतो. ती कुणी तरी पाळलेली असते, तिला खाऊ घातलेलं असतं, पैसे मोजलेले असतात. बुलबुलाच्या नावाने कुठल्याच वहीत काही मांडलेलं नसतं. म्हणून त्याला मारताना कुणी कारण विचारत नाही, आणि म्हणून ते हाताला इतकं सोपं होतं.

ब्रॉयलर कोंबडीचं आयुष्य काही सुखाचं नसतं, हे मात्र भावाचं मला मान्य आहे. पण त्यावरून कोंबडीला बरं वागवायला हवं, एवढंच निघतं. बुलबुलाला वाईट वागवायची मुभा त्यातून मिळत नाही. एकीकडे आपण चुकतो म्हणून दुसरीकडेही चुकायचा परवाना मिळत असता, तर काय काय करता आलं असतं!

म्हणजे प्रश्न मारण्यापेक्षा ते उगीच आहे की नाही याचा आहे. तुमचे गडी म्हणतील, उगीच कुठे, नुकसान होतंय म्हणून मारतो. आता हे तपासू, कारण इथे मला थोडं कळतं.

मी बागेत गेले की मालक पहिलं वाक्य म्हणतात, "निम्मा प्लॉट खाल्ला, मॅडम." मग आम्ही दोघं मिळून मोजतो. कडेच्या दोन ओळी, झाडांच्या बाजूची एक, मधल्या दोन. प्रत्येक ओळीत ठरावीक वेलींचे घड उलटसुलट करून टोचलेले मणी मोजायचे. जवळपास दर वेळी एकच चित्र दिसतं. कडेला, विशेषतः जिथे शेजारी बाभूळ, लिंब किंवा विजेची तार आहे तिथे, नुकसान डोळ्यांत भरण्याइतकं असतं. आत दहा-बारा ओळी गेलं की टोचलेला मणी शोधावा लागतो. माणूस बागेत कडेनेच शिरतो, त्यामुळे त्याला सगळी बाग कडेसारखी दिसते. नुकसान खोटं नसतं. बुलबुल एक मणी टोचतो आणि पुढे जातो, पण त्या फुटलेल्या मण्यावर गांधीलमाश्या आणि चिलटं बसतात, रस खालच्या मण्यांवर उतरतो, घड कुजायला लागतो आणि व्यापारी तो बाजूला काढतो. एका चोचीची किंमत एका मण्याहून बरीच जास्त असते, हे मी नाकारत नाही. मी एवढंच म्हणते की ते कुठे आणि किती, हे न मोजता मारणं म्हणजे ताप किती ते न बघता इंजेक्शन देण्यासारखं आहे.

आणि मारून ते नुकसान कमी होतं का? तुमच्या बागेतल्या बुलबुलांची एक जोडी मारलीत, तर तिची जागा फार दिवस रिकामी राहत नाही. आजूबाजूला जागेच्या शोधात असलेली तरणी पाखरं असतातच, ती येऊन बसतात. भोरड्यांचं तर विचारूच नका. त्या इथल्या नाहीतच. मध्य आशियाच्या गवताळ रानांत त्यांची वीण होते आणि हिवाळ्यात त्या प्रचंड थव्यांनी आपल्याकडे उतरतात. उजनी धरणाच्या काठावर संध्याकाळी त्यांचे थवे आभाळात धुरासारखे वळताना पाहिले असतील, तर त्यातल्या दहा मारून काय होणार, हे सांगायची गरज नाही. आफ्रिकेत क्वेलिया नावाचं चिमणीएवढं पाखरू धान्यावर लाखोंनी पडतं. तिथे विमानातून विष फवारून दरवर्षी ती कोट्यवधींनी मारतात, तरी संख्या हटत नाही. तुमचे गडी सकाळी जे करतात, त्याने दुसऱ्या दिवशीच्या चोची कमी होत नाहीत. तसं असतं तर मागच्या महिन्यात अडकणाऱ्यांचा आकडा उतरला असता. तुम्हीच लिहिलंय की तो रोज तेवढाच आहे.

तारेला टांगण्याबद्दल. मेलेला कावळा टांगला की कावळे काही दिवस बिचकतात, हे खरं आहे. कावळा हुशार आणि संशयी. आपल्या मेलेल्या भाईबंदाभोवती जमून कालवा करणं हा त्याचा स्वभावच आहे. पण बुलबुलांच्या बाबतीत मला तसा अनुभव नाही. टांगलेल्या बुलबुलापासून हातभर अंतरावर दुसरा बुलबुल त्याच तारेवर बसून मणी टोचताना मी पाहिलाय. ते टांगणं पाखरांसाठी नसतंच. ते आपल्यासाठी असतं, राग काढायला. राग मला समजतो, पण मग त्याला बागेचं रक्षण म्हणू नका.

इथे एक सावधगिरी. लोक लगेच म्हणतात, "पाखरं किडे खातात, शेतकऱ्याचे मित्र आहेत, म्हणून मारू नका." खरं आहे ते. बुलबुल स्वतः फळं खात असला तरी पिल्लांना किडे-अळ्या भरवतो. साळुंक्या नांगरामागे चालत हुमणी टिपतात. भोरड्या टोळांवर जगतात. चीनच्या शिनजियांग भागात त्यांनी यावं म्हणून मुद्दाम दगडांची घरटी बांधून देतात. तरी हा मुद्दा मी जपून वापरते. उपयोगी म्हणून वाचवायचं ठरलं, की बिनउपयोगी ठरलेल्याला मारायची वाट मोकळी होते. आणि उपयोगी कोण हे आपण ठरवणार, म्हणजे झालंच. कावळ्याचं बघा. आपल्या वन्यजीव कायद्यात परवापरवापर्यंत कावळा उंदीर-घुशींच्या शेजारी, 'उपद्रवी' म्हणून कुणीही मारावा अशा यादीत होता. आणि पितृपक्षात आपण त्याच कावळ्याने घास शिवावा म्हणून गच्चीवर तासतासभर हात जोडून उभे. गव्हाणी घुबडाची तीच कथा. बागेत ठिबकच्या नळ्या कुरतडणाऱ्या उंदरांचा त्याच्याइतका मोठा वैरी नाही, पण ते दिवसा कुठे दिसलं की अशुभ म्हणून दगड. दिवाळीच्या अमावस्येला करणी-जादूटोण्यासाठी घुबडं मारली जातात ती वेगळीच.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण मी सगळ्यांना एका काठीने हाकत नाही.

दोन एकर कोरडवाहू ज्वारी, घरात म्हातारी आई, राखणीला माणूस नाही आणि कणसात दूध भरलेलं, अशा माणसाला मी तुम्हाला देते तितक्या सहज सल्ला देत नाही. पूर्वी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायला घरात चार पोरं असायची. आता पोरं शाळेत किंवा पुण्यात. त्याच्याकडे जाळीला पैसे नाहीत. त्याच्याशी आधी राखणीचं बोलायचं, नीतीचं नंतर.

भुकेचंही तसंच. माळरानावर फासे लावून तितर-लावे धरणाऱ्या पारध्याला मी तुमच्या रांगेत बसवणार नाही. १८७१च्या इंग्रजी कायद्याने त्या समाजाला जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ साली तो शिक्का कागदावरून निघाला, पण जमीन मिळाली नाही. पिशवीत दोन लावे सापडले म्हणून तो तुरुंगात जातो आणि रोज दहा बुलबुल तारेला टांगणाऱ्या बागेसमोरून वनखात्याची जीप नुसती निघून जाते, हे मी बघितलंय. फासे लावणं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण 'उगीच' हा शब्द त्याला लावायचा की बागायतदाराला, याचा विचार करा.

नागालँडचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण झालं. त्यात पांगती आणि आसपासच्या गावांची शेतं गेली. पुढे धरणाच्या काठावर दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाण्यांचे लाखोंचे थवे उतरू लागले. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जाणारे हे पारव्याहून लहान शिकारी पक्षी. लोकांनी मासेमारीच्या जाळ्या झाडांत टांगल्या. २०१२ साली त्याचं चित्रण बाहेर आलं, तेव्हा भर हंगामात रोज बारा ते चौदा हजार पक्षी मारले जात असल्याचा अंदाज निघाला. जग हादरलं. पण नुसतं हादरून काही झालं नसतं. गावकऱ्यांना त्यातून रोख पैसा मिळत होता, आणि शेत गेलेल्या माणसासाठी ते उगीच नव्हतं. मग गावं, चर्च, वनखातं आणि कार्यकर्ते एकत्र बसले आणि गावांनी स्वतःच बंदीचा ठराव केला. २०१३च्या हंगामात तिथे एकही ससाणा मारला गेला नाही. त्याच वर्षी तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली. त्यांची नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. ते आपल्या डोक्यावरून, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे गेले आणि त्यातले काही पुढच्या वर्षी परत आले. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी कुठे पोहोचला, हे पांगतीचे लोक विचारू लागले. रागावून ओरडणारा बाहेरचा माणूस एका वर्षात हे करू शकला नसता.

तर तुमची परिस्थिती कुठली? चार एकर द्राक्ष, जाळी घेण्याची ऐपत, गडीमाणसं हाताशी. माफ करा, पण गरजेचं कारण तुम्हाला फार लांबवर ओढता येत नाही.

आता मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होईल.

तरुणपणी मी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं शिक्षण घेतलं. बारीक, जवळजवळ न दिसणारी जाळी झुडपांत उभी करायची, पक्षी अडकला की सोडवायचा, मोजायचा, पायात क्रमांकाचं कडं घालायचं आणि सोडून द्यायचा. त्यातला पहिला नियम: दर अर्ध्या तासाला प्रत्येक जाळी बघायची. ऊन तापलं तर त्याहून लवकर. एका मार्चमध्ये मी चहाला बसले, गप्पा रंगल्या, आणि शेवटच्या जाळीकडे तासाभराने गेले. शिंपी पक्षी होता. बोटभर जीव. जाळीत गुरफटून उन्हात तडफडून मेला होता. मला त्याच्याबद्दल काही राग नव्हता, त्याने माझा मणी टोचला नव्हता. उलट मी तिथे पक्ष्यांच्या भल्यासाठीच होते. तरी तो उगीच मेला, माझ्या चहामुळे मेला. वहीत 'मृत' असं लिहिताना जो हात जड झाला, तो आजही आठवतो. वहीत लिहावं लागलं, हे महत्त्वाचं. तसा नियमच होता. नसता, तर मी तो झुडपात टाकून विसरले असते.

तुमच्या गड्यांच्या मुंड्या मुरगाळण्यापेक्षा मला तुमच्या जाळीची जास्त काळजी का वाटते, ते यावरून कळेल. मुंडी मुरगाळणं दिसतं. पण जाळी टाकून तिच्याकडे पाठ फिरवणं हे त्याच्या आधीचं काम आहे, आणि ते तुमचं आहे, गड्याचं नाही. नीट लावलेल्या जाळीत रोज दहा पाखरं अडकतच नाहीत. दहा अडकतात याचा अर्थ जाळी चुकीची आहे. म्हणजे तुमचे पैसेही वाया चाललेत.

बहुधा तुम्ही तंगुसाची (बारीक नायलॉन धाग्याची), मोठ्या घराची म्हणजे मोठ्या भोकांची आणि स्वस्त जाळी घेतली असणार. पाखराला ती दिसत नाही, आणि डोकं आत गेलं की पंख अडकतात. जाड धाग्याची, पांढरी, विणलेली जाळी घ्या. घरं इतकी बारीक हवीत की करंगळी आत जाता कामा नये. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २०२१पासून घरच्या फळझाडांवरच्या जाळीसाठी नियमच आहे: पूर्ण ताणल्यावर घर पाच मिलिमीटरच्या वर नको. जाळी मांडवावर सैल टाकू नका, तारांवर ताणून बांधा. ढिली जाळी म्हणजे सापळा. बाजूंनी जमिनीपर्यंत उतरवा आणि खाली माती किंवा दगड लावा, कारण पाखरं फटीतून आत शिरतात आणि मग माणूस आला की घाबरून आतून धडकतात. चार एकर एकदम परवडत नसेल तर कडेच्या ओळी आणि झाडांची बाजू आधी करा. नुकसान तिथेच आहे, हे वर सांगितलंच. आणि काढणी झाली की जाळी गुंडाळून घरात ठेवा. बांधावर टाकलेल्या जाळीत धामणी अडकून मरतात, आणि तुमच्या उंदरांचा बंदोबस्त धामणच करते.

हाकलायचं असेल तर पाणी उतरायच्या आधीपासून सुरू करा. एकदा गोडी लागली की डबा वाजवला तरी पाखरू भीत नाही. चमकपट्ट्या लावल्या तर दर चार-पाच दिवसांनी जागा बदला, नाहीतर पोपट त्यावरच झोके घेतील. उजाडल्यापासूनचे दोन तास आणि दुपार कलल्यानंतरचा वेळ एवढा माणूस फिरता ठेवा, बाकी वेळ नसला तरी चालेल. बांधावर तुती-उंबर लावा म्हणजे पाखरं तिकडे जातील, असं काही जण सांगतात. माझा अनुभव मिश्र आहे. कधी तिकडे जातात, कधी आणखी पाहुणे घेऊन येतात.

एवढं करूनही एखादं अडकेलच. उजाडताच, नऊ-दहाला आणि संध्याकाळी जाळीवरून एक फेरी मारा. अडकलेल्याच्या डोक्यावर पंचा टाका, अंधार झाला की ते शांत होतं. पायाकडून सोडवा, धागा ओढू नका, लहान कात्रीने कापा. धापा टाकत असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अर्धा तास सावलीत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. पंख मोडला असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. कधी पाखरू वाचण्याच्या पलीकडे गेलेलं असतं, आणि पशुवैद्य त्याला शांतपणे मरण देतो. अशा वेळी मीही बाजूला उभी राहिले आहे. तेही मारणंच. पण ते उगीच आहे, असं तुमचा भाऊदेखील म्हणणार नाही.

कायदा नको म्हणालात, तरी दोन ओळी लिहिते, कारण अडकेल तुमचा गडी. १९७२च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसती बंदूक नाही. पकडणं, फासे लावणं, घरटी-अंडी मोडणं, तसा प्रयत्न करणं हे सगळं त्यात येतं. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि ती जुनी 'उपद्रवी' प्राण्यांची यादी गेली. बुलबुल, साळुंकी, पोपट हे सगळे संरक्षित आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. उभ्या पिकाचं फारच नुकसान होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीची तरतूद कायद्यात आहे. म्हणजे कायद्यालाही गरज कळते. तो फक्त म्हणतो, आधी कारण लिहून द्या. मी वर तेच सांगत होते.

राहिला मुलगा. खरं तर तुमचं पत्र त्याच्यासाठीच आहे, असं मला वाटतं.

त्याला मारू नका, आणि "पाप लागेल" असंही सांगू नका. त्याने वर्मावर बोट ठेवलंय. काका रोज मारतात, ते चालतं, मी एक मारला तर ओरडा का? याला तुमच्याकडे उत्तर नाही. तारेवरचे बुलबुल आधी उतरवा आणि मग त्याच्याशी बोलायला बसा. उलट क्रमाने ते जमणार नाही.

बसल्यावर त्याला विचारा, खंड्या काय खातो? तो म्हणेल मासे. तुमच्या बागेत कुठले मासे! आपला हा पांढऱ्या छातीचा खंड्या पाण्यापासून कितीतरी लांब राहतो. नाकतोडे, सरडे, खेकडे, कधी उंदराची पिल्लं. द्राक्षाला त्याने आयुष्यात चोच लावलेली नाही. म्हणजे काकाकडे निदान एक कारण होतं, चुकीचं का होईना. पोराकडे तेही नव्हतं. पण मुलाने तो का मारला असेल? द्वेषाने नक्कीच नाही. निळा दिसला, नेम धरला, लागला. गलोल हातात असलेल्या पोराला लांबची सुंदर गोष्ट जवळ आणायचा तेवढाच एक मार्ग माहीत असतो.

त्याला पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींबद्दल सांगा. मुंबईतलं हे दहा-बारा वर्षांचं पोर छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या मारत फिरायचं. एक दिवस मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली, म्हणून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पोराला हाकलून दिलं नाही. कपाट उघडून शेकडो भरलेले पक्षी दाखवले आणि ओळखायला शिकवलं. पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. ही गोष्ट मी मुलांना सांगते तेव्हा तिची दुसरी बाजूही सांगते: सलीम अलींनी पुढेही अभ्यासासाठी हजारो पक्षी मारले. तो काळ तसा होता, आणि तेव्हाही त्यावर वाद घालता आला असता. पण मारलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी होती: कुठे, कधी, नर की मादी, पोटात काय सापडलं. आज त्याची गरज उरली नाही, कारण दुर्बीण आहे, कॅमेरा आहे, तुमच्या खिशातला फोन आहे.

तुमच्या मुलाला एक काम द्या. बागेच्या कडेच्या दोन ओळी त्याच्या. रोज सकाळी शाळेआधी टोचलेले मणी मोजायचे, कुठलं पाखरू किती वेळ बसलं ते लिहायचं, आणि जाळीवरची पहिली फेरी त्याने मारायची. अडकलेलं सोडवायचं, तुम्ही पंचा धरायचा. दहा दिवसांनी ती वही काकाच्या हातात द्या. माझं हे सगळं बोलणं काकाला पटणार नाही कदाचित, पण पुतण्याचे आकडे तो वाचेल. एप्रिल-मेमध्ये त्याला विहिरीवर न्या. जुन्या कच्च्या विहिरीच्या भिंतीत किंवा ओढ्याच्या दरडीत मनगट जाईल असं आडवं बीळ दिसलं आणि तोंडाशी पांढरी शिंतोड असली, तर ते खंड्याचं घर. हात घालू देऊ नका. लांब बसवा आणि नाकतोडा घेऊन येणारा खंड्या बघू द्या.

आणि ती पिसं. कायद्याने ती घरात ठेवता येत नाहीत, म्हणून वहीत राहू देऊ नका. पण टाकण्याआधी एक गोष्ट करा. एक निळं पीस मुलाच्या हातात द्या आणि उन्हात पाठमोरं उभं करा, म्हणजे ऊन पिसावर पडेल. झगझगीत निळं दिसेल. चीनमध्ये या निळ्यासाठी शतकानुशतकं खंड्ये मारून त्यांच्या पिसांचे दागिने केले. मग मुलाला सूर्याकडे वळवा आणि तेच पीस उजेडाच्या आड धरायला सांगा. निळा जाईल, मळकट तपकिरी उरेल. त्या पिसात निळा रंग मुळात नसतोच. आतली बारीक जाळीदार रचना उजेडातला निळा तेवढा परत फेकते. मुलाला ते चार-पाच वेळा उलटसुलट करून बघू द्या, घाई करू नका. मग दोघं मिळून ती पिसं कडेच्या ओळीतल्या एखाद्या वेलीच्या बुडाशी पुरून टाका.